क्लचचा कार्यभार

विषय : ब्रिटिश बनावटीच्या जुन्या मोटारसायकलच्या क्लचचा कार्यभार मूळ धारकास परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची कार्यभार सोपवल्याची चिठ्ठी. २) सदर चिठ्ठीवरील पोच. ३) अर्जदाराची स्मरणपत्रे, एकूण चार.

महोदय,

(महोदय हा शब्द सवयीने लिहिला गेला. समोर कोण आहे हे अजून ठरलेलं नाही, आणि ठरेपर्यंत मायना सोडू नये, एवढी शिस्त चौतीस वर्षं अभिलेख कक्षात काढलेल्या माणसाला असते.) उपरोक्त विषयाची हकिगत खालीलप्रमाणे.

१

गाडी एका सिलिंडरची, पाचशे सीसीची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. सगळं जग उलट चालवतं, हे तिला कोणी कळवलेलं नाही. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली आहे, त्यात ती राहते. खोलीला दोन दारं. एक गल्लीत उघडतं, त्याला आतून कडी आहे. दुसरं स्वयंपाकघरात उघडतं, त्याला कडी नाही. आजवर कधी लागली नाही.

तिचा दोष एकच. क्लचमध्ये गोल प्लेटा एकमेकींना टेकून बसलेल्या असतात. लिव्हर दाबली की त्यांनी सुटं व्हावं, असा करार आहे. पण गाडी रात्रभर उभी राहिली की मधलं ऑइल आळतं आणि प्लेटा बढतीच्या वाटेवरच्या कारकुनांसारख्या जागच्या जागी चिकटतात. तसाच गिअर टाकला तर लिव्हर दाबलेली असूनही गाडी उडी मारते. पहिल्याच वर्षी तिने मला कुंपणासकट समोरच्यांच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. तेव्हापासूनचा शिरस्ता असा : आंघोळ झाली की चहाच्या आधी, इंजिन बंद ठेवून, लिव्हर दाबून किक मारायची. पहिली जड जाते, आत इंजिन उसासा टाकतं. दुसरी तशीच. तिसरीला ‘चट्’ असा आवाज होतो, प्लेटा सुटतात आणि पायाखालची पायरीच नाहीशी व्हावी तशी किक पोकळ खाली जाते.

लिव्हर मी दोन बोटांनी दाबतो. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नोकरीच्या सहाव्या वर्षी लोखंडी कपाटाच्या दारात सापडली, ती वळत नाहीत. उरलेल्या दोघांनी सगळ्यांचं काम केलं. कार्यालयातही असंच चालायचं.

तो ‘चट्’ स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू जातो. तो ऐकला की ही, म्हणजे माझी बायको, कपात चहा ओतते. मी हात पुसून येईपर्यंत चहा पिण्याजोगा झालेला असतो. एकतीस वर्षं आमच्या घराचं घड्याळ ते आहे. भिंतीवरचं घड्याळ पाहुण्यांसाठी.

२

मागच्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते मुलीच्या गावी करायचं ठरलं, म्हणून आम्ही दोघं बारा दिवस घर बंद करून गेलो.

“बारा दिवस उभी राहणार असेल तर लिव्हर दाबून हँडलला बांधून ठेवा,” मिस्त्रीने सांगितलं होतं. “प्लेटा लांब राहतील. स्प्रिंगा थोड्या दमतील, पण आल्यावर तुम्ही उडी तरी मारणार नाही.”

मी फायलीची लाल नाडी घेतली आणि लिव्हर आवळून बांधली. निवृत्त होताना मी कार्यालयातून एवढी एकच वस्तू घरी आणली होती, एक रीळ नाडी. आणि बांधून झाल्यावर, हात मोकळे होते आणि आमची बस सुटायला वेळ होता म्हणून, एक चिठ्ठी लिहून त्या नाडीत अडकवली :

‘प्रस्तुत क्लचचा कार्यभार मी आज पूर्वाह्नापासून सोडत असून तो श्री. ______ यांच्याकडे सोपवत आहे.’ खाली सही.

“आता गाडीलाही मेमो?” ही दारातून म्हणाली. “बिचारीने काय केलंय?”

“मेमो नव्हे. चार्ज देतोय. माणूस रजेवर जाताना चार्ज दिल्याशिवाय जात नाही.”

“कोणाला देताय?”

“जागा रिकामी ठेवली आहे. ज्याला हौस असेल त्याने घ्यावा.”

ती हसली, मीही हसलो. चौतीस वर्षांत मी कोऱ्या जागेखाली सही केली नाही. तीन साहेबांनी सांगून पाहिलं, एकाने धमकावून पाहिलं. केली ती निवृत्तीनंतर, विनोद म्हणून. शिवाय कधीपर्यंत, तेही लिहिलं नाही.

३

परत आलो तेव्हा गल्लीच्या दाराची कडी आतून लागलेली होती. घराचं कुलूप जसंच्या तसं. गाडीच्या खोलीत जुन्या ऑइलचा नेहमीचा वास.

लिव्हर सुटी होती. नाडी तुटली नव्हती, सुटलीही नव्हती. कोणीतरी ती गाठ सोडवून, नीट गुंडाळी करून टाकीवर ठेवली होती. मी नाडी दोन बोटांभोवती गुंडाळतो. ही गुंडाळी पंजाभर रुंद होती.

चिठ्ठी गुंडाळीखाली दाबलेली. नावाची जागा अजूनही कोरीच होती. पण माझ्या सहीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘कार्यभार स्वीकारला’, आणि पुढे एक आखूड सही. नवशिक्याची सही अडखळते, तिला आपलं नाव आठवत असतं. या सहीला काही आठवत नव्हतं. ती हजारो कागदांवर झालेली होती.

मी चिठ्ठी खिशात घातली. हिला म्हणालो, “मुलीने गंमत केली असेल.”

“मुलगी बारा दिवस माझ्यासमोर होती,” ही म्हणाली.

“मग जावयाने.”

“जावयाला लिहिता येतं, हे तुम्ही पहिल्यांदाच मान्य करताय.”

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून गेलो. लिव्हर दाबली, किक मारली, आणि पाय पोकळीत गेला. पहिल्याच किकेला. ना उसासा, ना चट्. प्लेटा सुट्याच होत्या.

एकतीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो दोष आपणहून गेला, तर माणसाने पेढे वाटावेत. मी तिथेच उभा राहिलो. पलीकडे चहा ओतल्याचा आवाज आला. चट् झाला नव्हता, तरी ओतला गेला.

४

मिस्त्री आला. तो एका कानाने कमी ऐकतो, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ चांगल्या कानाला लावून यंत्राची प्रकृती विचारतो.

“भाऊसाहेब, तक्रार एकदा नीट सांगा. क्लच चिकटत नाही, ही तक्रार?”

“हो.”

“तीस वर्षं चिकटतो म्हणून माझं डोकं खाल्लंत.”

“तेव्हा चिकटत होता. आता का चिकटत नाही, ते सांगा.”

“पेन्शनरांची कामं घेऊ नयेत म्हणतात ते खोटं नाही,” असं पुटपुटत त्याने डावीकडचं झाकण उघडलं. प्लेटा पाहिल्या, ऑइलमध्ये बोट बुडवून दुसऱ्या बोटाशी ताणलं. “ऑइल जुनंच. चांगलं आळलेलं. चिकटायलाच हवा.” मग तो हँडलपाशी गेला आणि वाकून पाहू लागला.

“लिव्हर कोणाच्या हातात देता?”

“कोणालाही नाही.”

“मग बोटं बरी झाली म्हणायची.”

त्याने दाखवलं तेव्हा मला दिसलं. माझ्या दोन बोटांच्या जागी लिव्हर एकतीस वर्षं घासून चकचकीत होती, बाकी काळपट. आता ती टोकापर्यंत चकचकीत होती. नुसती चकचकीत नाही. चार बोटांचे चार खोलगट भाग, सराईत, शेजारी शेजारी. मिस्त्रीने आपली बोटं त्यांवर धरून पाहिली, टेकवली मात्र नाहीत.

“एवढं झिजायला वर्षं लागतात,” तो म्हणाला. “बारा दिवसांत नाही होत.”

“पॉलिश केलं असेल कोणी.”

“पॉलिशने चमकतं, भाऊसाहेब. झिजत नाही.” त्याने बराच वेळ हात पुसले. “गाडी विकायचा विचार असेल तर एक विनंती आहे.”

“काय?”

“मला विचारू नका.”

चहा न घेता गेला. स्क्रू-ड्रायव्हर विसरला आणि मागायलाही आला नाही. मिस्त्रीचं हत्यार म्हणजे कारकुनाचं पेन. ते मागे ठेवून माणूस जातो तेव्हा त्याला घाई असते.

५

त्यानंतरच्या सोमवारी मी न्हाणीघरात अंगावर पाणी घेत होतो. पलीकडून किकेचा आवाज आला. जड. उसासा. पुन्हा जड, पुन्हा उसासा. मग चट्.

मी तांब्या हातात धरून उभा राहिलो. बुद्धी अशा वेळी फार तत्पर असते. तिने लगेच तीन खुलासे सादर केले : शेजाऱ्याची गाडी, पाण्याचा नळ, वय. तिन्हींवर मी मनातल्या मनात ‘अमान्य’ लिहिलं, कारण शेजाऱ्याकडे सायकल आहे, नळाला उसासा टाकता येत नाही, आणि वय कानांचं वाढतं, आवाजांचं नाही.

बाहेर आलो तर टेबलावर माझा कप रिकामा होता. तळाशी थोडी पत्ती.

“आजही दुसरा हवा?” ही विचारती झाली.

“हा कोणी प्यायला?”

“असं काय करता? तुम्हीच की. टॉवेल खांद्यावर टाकून, पाठमोरे बसून.” ती माझ्याकडे पाहत राहिली. टॉवेल माझ्या कमरेला होता, आणि अंगावरून पाणी गळत होतं. “हल्ली बरं असतं तुमचं सकाळचं,” ती जरा सावकाश म्हणाली. “बोलत नाही. पेपरातल्या चुका दाखवत नाही. मी म्हटलं, डोळा सुधारला तसा स्वभावही सुधारला.”

“हल्ली म्हणजे कधीपासून?”

“आलो तेव्हापासून.”

म्हणजे आठ दिवस. आठ दिवस माझ्या बायकोला माझ्या गैरहजेरीचा फायदा होत होता. कोणत्याही नवऱ्याला हे विचार करायला लावील. मला विचाराआधी राग आला. माझ्या खुर्चीवर तीन साहेबांचे मेहुणे डोळा ठेवून होते, आणि मी निवृत्तीच्या संध्याकाळी साडेपाचला तिच्यावरून उठलो, त्याआधी एक मिनिटही नाही.

६

दुसऱ्या दिवशी फटफटताच मी खुर्ची घेऊन गाडीच्या खोलीत गेलो. हिला सांगितलं नाही. ती हसली असती. गल्लीच्या दाराची कडी तपासली. लिव्हर दोन बोटांनी दाबून धरली आणि बसलो. त्या चार खोलगट जागांत माझी बोटं ढिली पडत होती.

खिडकीतून करडा उजेड आला. ही उठली, भांडी वाजली. साडेसहाला न्हाणीघराचा नळ सुरू झाला.

मी इथे बसलेलो. बादली भरल्याचा आवाज, तांब्या, पाणी. मग खोकला. सकाळी पहिलं पाणी पाठीवर पडलं की मी दोनदा खोकतो. तो दोनदा खोकला.

मग पावलं, ओली. ती माझ्या दिशेने येतील म्हणून मी दाराकडे पाहत राहिलो. ती आली नाहीत. जड किक वाजली, उसासा आला, पुन्हा किक, पुन्हा उसासा आणि चट्. माझ्या हाताखालची गाडी हललीही नव्हती. आवाज स्वयंपाकघरातून आला.

पाठोपाठ चहा ओतल्याचा.

घाबरलो का? घाबरलो. पण उठलो नाही, हे इथे नोंदवणं भाग आहे. मला वाटलं, लिव्हर सोडली की दावा सुटला. मी जागा धरून बसलो, आणि पलीकडे माझी जागा भरली गेली होती. चौतीस वर्षांच्या नोकरीने माणसाला काय येतं, तर खुर्ची न सोडणं.

ही काहीतरी सांगत होती, पाणी आज कमी येतंय वगैरे. उत्तर नव्हतं. मग तिचा हसरा आवाज, “कप सोडा की आता. संपलाय.” मग लगेच, “अहो, माझा हात का धरलात?” हसू गेलं होतं. “सोडा. सोडा हो, दुखतंय.”

मी लिव्हर सोडली.

ती मागे आपटली आणि त्याच क्षणी पलीकडे कप फुटला. मी दार ढकललं. ते अर्धं उघडून कशाला तरी अडलं, आणि त्या अर्ध्यातून मला दिसलं एवढंच : टेबलावर हिचा उजवा हात, मनगटाभोवती एक डावा हात. चारही बोटं वळलेली, एकाशेजारी एक नीट बसलेली. आवळत नव्हती, ओढत नव्हती. नुसती दाबून धरून होती, सोडायचं कोणी सांगितलेलंच नसल्यासारखी. बोटांच्या आतल्या बाजू जुन्या पितळेसारख्या झिजून चकचकीत झालेल्या. मनगटाच्या वर तो हात दाराआड गेला होता. दाराआड काय होतं ते मी पाहिलं नाही. डोळा नवा होता. त्याच्यावर ढकलता येणार नाही.

दुसऱ्या धक्क्याला दार पूर्ण उघडलं. दारामागे कोणी नव्हतं.

७

ही टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मनगटावर चार लाल वळ.

“जवळ येऊ नका.”

“अगं, मी आहे.”

“मघाशीही तुम्हीच होतात.”

मी जिथे होतो तिथेच थांबलो, कपाच्या तुकड्यांत, अनवाणी. ती माझ्याकडे पाहत होती. एखादा अर्ज खरा की बनावट हे ठरवताना मी पाहायचो तसं. मग तिने तोच हात टेबलावरून पुढे केला.

“डाव्या हाताने धरा.”

मी धरलं. दोन बोटं वळली, दोन तशीच ताठ राहिली. तिने खाली पाहिलं आणि ताठ बोटांवर आपला दुसरा हात ठेवला.

“कपाटाच्या दारातली,” ती म्हणाली.

“तीच.”

“मग तो कोण?”

“चार्ज घेतलेला.”

“दिला कोणी?”

“मी. गंमत म्हणून.”

ती खुर्चीवर बसली. “चौतीस वर्षं ऑफिस घरी आणलं नाहीत. आणलंत ते आता.”

“गाडी देऊन टाकू,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघेल असं मला वाटलं नव्हतं. “भंगारात देऊ. मुलीकडे जाऊन राहू.”

तिने वळांवर फुंकर घातली. “का म्हणून? गाडी तुमची, चहा माझा, घर दोघांचं. जायचं असेल तर त्याने जावं. तुमच्या त्या नियमांत काहीतरी असेलच.”

होतं. कार्यभार घेतलेली व्यक्ती तो परत देत नसेल तर मूळ धारकाने साक्षीदारासमक्ष एकतर्फी कार्यभार ग्रहण करावा, व तसा रीतसर अर्ज संबंधितास द्यावा. मी तिथेच टेबलावर अर्ज लिहिला. हिने साक्षीदार म्हणून सही केली. वळांमुळे सही जरा वाकडी आली, तरी ती म्हणाली, “असू दे. कशामुळे वाकडी आली ते त्याला कळेल.”

८

सद्यःस्थिती खालीलप्रमाणे.

अर्ज लाल नाडीने लिव्हरला बांधला. आठवडाभर उत्तर नाही, म्हणून स्मरणपत्र एक. मग दोन, तीन, चार. रोज सकाळी नाडी सोडवून टाकीवर गुंडाळून ठेवलेली सापडते, पंजाभर रुंद. मी ती पुन्हा बांधतो. प्लेटा सुट्याच असतात, तरी मी लिव्हर दोन बोटांनी दाबून तीन पोकळ किका मारतो. त्याने काही होत नाही. हजेरीने कधीच काही होत नव्हतं, तरी मांडावी लागते.

चहा आता आवाजावर ओतला जात नाही. मी टेबलाशी येतो, डावा हात पुढे करतो, ही मनगट देते, बोटं मोजते, आणि मगच किटली उचलते. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, या वयात हे काय चालवलंय तुम्ही दोघांनी?” तिच्याकडे राहायला जायचं आम्ही दोघांनीही नाकारलं. जागा सोडून गेलेल्याचा अर्ज निकाली काढायला कोणालाच अडचण येत नाही.

काल सकाळी चौथं स्मरणपत्र उलटं बांधलेलं आढळलं. समासात पेन्सिलीचा शेरा होता : ‘समक्ष चर्चा करावी.’ खाली तीच सराईत सही. दिवस नाही, वेळ नाही.

हा शेरा मी नोकरीत शेकड्याने पाहिला आहे. काही सांगायचं नसतं, पण समोरच्याला उभं करायचं असतं, तेव्हा तो मारतात. हिला वाचून दाखवला. तिने फुटक्या कपाच्या बदल्यात आणलेला नवा कप धुतला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, “लिहा, येतो म्हणावं.”

मी शेऱ्याखाली लिहिलं : ‘चर्चेस तयार. अर्जदार व साक्षीदार रोज सकाळी पावणेसात ते साडेसात गाडीच्या खोलीत उपलब्ध राहतील. नाव सांगितल्याखेरीज चर्चा होणार नाही.’

काल रात्रीच खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. आज सकाळी आम्ही दोघं पावणेसातला जाऊन बसलो. तिसरी खुर्ची आम्ही भिंतीशी ठेवली होती, ती गाडीच्या डाव्या अंगाला, लिव्हरपाशी होती. हिने ती उचलून परत भिंतीशी नेली, फडक्याने पुसली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. साडेसातपर्यंत कोणी आलं नाही.

उद्याही बसणार आहोत. अर्ज प्रलंबित आहे.